चामखिळीचा उपचार सुचवणारी संगणकप्रणाली: गोठवण्यात उजवी, इंजेक्शनात लंगडी

चामखीळ गोठवायची की तिच्यात इंजेक्शन द्यायचे, याचा निर्णय त्वचारोगतज्ज्ञ बहुतांशी अनुभवावर घेतात. इराणमधील मशहदच्या रुग्णांच्या माहितीवर बेतलेली, फझी (म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधल्या पायऱ्याही मोजणाऱ्या) नियमांनी चालणारी एक तज्ज्ञप्रणाली, म्हणजे तज्ज्ञासारखा सल्ला देणारी संगणकप्रणाली, २०१७ मध्ये याच कामासाठी मांडली गेली. तिच्यामागची माहिती कोणालाही उतरवून घेता येते, म्हणूनच तिची पारख करणे शक्य आहे.

द्रव नायट्रोजनने गोठवण्याचा उपचार घेतलेले ९० रुग्ण आणि कँडिडा अँटिजेनचे (कँडिडा या बुरशीपासून बनवलेल्या, शरीराची प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या द्रव्याचे) इंजेक्शन घेतलेले ९० रुग्ण, अशा दोन तक्त्यांत ही माहिती आहे. लिंग, वय, उपचारापूर्वी लोटलेले महिने, चामखिळींची संख्या, प्रकार (साधी, तळपायाची की दोन्ही) आणि क्षेत्रफळ यांवर प्रणाली आपला कौल देते.

गोठवण्याच्या बाबतीत तो ऐकण्याजोगा आहे. ९० पैकी ४८ रुग्णांना गुण आला होता, म्हणजे डोळे मिटून ‘गुण येईल’ म्हणणाऱ्याचे उत्तर जेमतेम ५३ टक्के वेळा बरोबर ठरले असते. प्रणालीची अचूकता मात्र ८० टक्क्यांवर जाते. वय कमी आणि चामखीळ नवी असेल तर गोठवणे लागू पडते, हा या तक्त्यातला कल डॉक्टरांच्या अनुभवाशीही जुळतो.

इंजेक्शनाच्या बाबतीत सांगितलेली ८३.३३ टक्के अचूकता ऐकायला अधिक भारदस्त वाटते, पण इथे ९० पैकी ७१ जण बरे झाले होते. सर्वांना सरसकट ‘होय’ म्हणणाराही ७९ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. म्हणजे एवढा खटाटोप करून पदरात पडतात चारएक टक्के. शिवाय या तक्त्यात प्राथमिक चाचणीनंतर त्वचेवर उठलेल्या टणक सुजेचा व्यासही मागितला आहे, त्यामुळे सल्ला मिळण्याआधीच रुग्णाला एकदा टोचून घ्यावे लागते.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. दोन्ही उपचारांचे रुग्ण वेगवेगळे असल्याने ‘या माणसाला कोणता उपचार बरा’ हे दोन स्वतंत्र अंदाजांची तुलना करूनच ठरवावे लागते, आणि ९० जणांच्या तक्त्यावर उभा असलेला अंदाज तेवढा भार पेलत नाही. वेदना, खर्च, मधुमेह किंवा आधी करून पाहिलेले उपचार यांना तर रकानेच नाहीत. विद्यार्थ्यांनी हात बसवण्यासाठी ही प्रणाली जरूर अभ्यासावी. दवाखान्यात तिच्या भरवशावर राहू नये. अनेक चामखिळी काहीही न करता आपोआप जातात, पण उपचार न घेतलेल्यांचा तिसरा तक्ता इथे नसल्यामुळे त्यांचेही श्रेय नायट्रोजनच्या किंवा इंजेक्शनाच्या खात्यावर जमा होते.