दैनिक मननाची पुस्तिका: आठ महिन्यांच्या वापरानंतर, आणि त्या '३:५अ'बद्दल

पुस्तिका वेळेवर आली असती तर हे लिहायला बसलेच नसते. डिसेंबरात वर्षाची वर्गणी भरली, ३०० रुपये, तीन-तीन महिन्यांचे चार अंक. वर बायबलचं वचन, मध्ये मनन, खाली चार ओळींची प्रार्थना आणि तळाला दोन बोटं कोरी जागा. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या घरांत ती येते, तेव्हा आत काय असतं ते वेगळं सांगत नाही. जानेवारी ते मार्चचा अंक माझ्या हातात पडला ९ फेब्रुवारीला. तोवर तीन फोन झाले होते. पहिल्यांदा "पाठवलाय, येईल." दुसऱ्यांदा "छपाईच उशिरा झाली." तिसऱ्या फोनला मी म्हटलं की गेलेल्या एकोणचाळीस दिवसांचे पैसे पुढच्या अंकात वळते करा, तर पलीकडून उत्तर आलं, "ताई, देवाचं वचन शिळं होत नाही, ती पानं आता वाचा." शिळं होत नाही हे मलाही मान्य आहे. पण रोजची भाकर रोज लागते म्हणूनच आपण वर्गणी भरतो. त्या उत्तराचा मला फार राग आला.

मधल्या दिवसांत रिकाम्या हाताने बसवेना. आमच्याकडे पहाटे साडेपाचला सासूबाईंचा चहा आणि माझा शांतसमय, म्हणजे वाचन-प्रार्थना, एकाच टेबलावर होतो. मग मी बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक काढलं. अध्याय ३१, महिन्याचे दिवसही ३१. १ तारखेला पहिला, २ तारखेला दुसरा. लग्नात मिळालेलं पवित्र शास्त्र घरात होतंच, त्यामुळे खर्चही नाही.

६ जानेवारीला सहावा अध्याय उघडला. हा मुंगीचा अध्याय, एवढंच संडे स्कूलपासून डोक्यात बसलेलं. पण मुंगी येते सहाव्या वचनात. त्याआधीची पाच वचनं जामिनाबद्दल आहेत. शेजाऱ्यासाठी जामीन झालास, परक्यासाठी हातावर हात मारलास, तर आपल्याच तोंडच्या शब्दांनी फसलास. आता जा, विनवणी कर, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, शिकाऱ्याच्या हातून हरिणी सुटते तसा सुटून ये. चहा तसाच राहिला, वर साय धरली.

चार वर्षांपूर्वी मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीन राहिले होते. पगारपत्रक दिलं, तीन ठिकाणी सह्या केल्या, त्या दिवशी उपासनेतून निघाल्यासारखं हलकं वाटलं होतं. सहकारी हप्ते थकवून नोकरी सोडून गेला. संस्थेने सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवला आणि माझ्या पगारातून महिन्याला ३,२०० कापले जाऊ लागले. २६ महिने. म्हणजे ८३,२०० रुपये. आपल्या करार कायद्यात, १८७२ च्या, कलम १२८ स्पष्ट सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मी कारकून आहे, असले कागद रोज हाताळते, तरी हे मला पहिल्या कपातीच्या दिवशी उमगलं. आणि नीतिसूत्रांत तेच सहा वेगवेगळ्या ठिकाणी लिहून ठेवलेलं आहे: ६, ११, १७, २०, २२ आणि २७ या अध्यायांत. बाविसाव्यात तर असं आहे की फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूणही ओढून नेतील. जन्मापासून मंडळीत आहे, एकाही मननात हे कधी ऐकलं नव्हतं.

त्यामुळे अंक आला तेव्हा मी तो वेगळ्या डोळ्यांनी वाचू लागले. मग ते 'अ' दिसलं.

१४ फेब्रुवारीच्या पानावर नीतिसूत्रे ३:५अ, म्हणजे तिसऱ्या अध्यायाचं पाचवं वचन. "तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव." पूर्णविराम. ते बारीक 'अ' म्हणजे वचनाचा पहिला तुकडा घेतला, दुसरा सोडला. सोडलेला तुकडा आहे "आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस." एप्रिलमध्ये पुन्हा ३:५अ. जुलैमध्ये पुन्हा. तीन अंकांत तीनदा, आणि तिन्ही वेळा 'ब' गाळलेला. जागा नव्हती म्हणावं तर तळाला दोन बोटं कोरी असतात. हे मी पाळकसाहेबांशी बोलले, आमच्या महिला मंडळात बोलले, यांच्याशी तर इतक्यांदा बोलले की आता हे 'अ' दिसलं की पानच माझ्याकडे सरकवतात. कुणाला क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही, कारण माझे ८३,२०० त्या गाळलेल्या तुकड्यात गेले. सही करताना माझ्या मनात भाव नव्हता असं नाही. "देव बघून घेईल" असं मी मनापासून म्हटलं होतं. पण कर्जदार कोण, त्याच्यावर आधीचं किती, हे विचारलं नाही, घरात सांगितलं नाही, प्रार्थनेत ठेवलं नाही. मला जे चांगलं वाटलं ते केलं आणि त्याला देवावरचा भाव म्हटलं. 'ब' वाचला असता तर निदान अडखळले असते.

असंच यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९:११ चं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, हे वचन पुस्तिकेत दोनदा आलं, दोन्हीकडे एकटं. हे पत्र आहे, यिर्मयाने यरुशलेमेहून बाबेलातल्या बंदिवानांना पाठवलेलं. आदल्याच वचनात सत्तर वर्षं लागतील असं सांगितलंय. त्याच्याही आधी सांगितलंय की तिथे घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा. त्या पत्रातला भरवसा सत्तर वर्षं पुरवायचा होता. पुस्तिकेतल्या मननात त्याच वचनावरून "लवकरच मार्ग उघडेल" असं होतं.

निवड करणाऱ्याचा हात गोड वचनांकडे वळतो, हे मी समजू शकते. जर्मनीत हेर्नहूट इथले मोरावियन पंथाचे ख्रिस्ती लोक यासाठी चिठ्ठ्या काढतात. १७३१ पासून त्यांची रोजच्या वचनांची पुस्तिका छापली जाते, जुन्या करारातलं त्या दिवसाचं वचन साठवून ठेवलेल्या वचनांतून चिठ्ठीने निघतं आणि त्याला जोडून नव्या करारातलं निवडतात. आपल्याकडे कुणी असं करावं असं माझं फार मन आहे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात धाकटे भाऊजी आले. जुना टेम्पो घ्यायचाय, चार लाखांचं कर्ज, दोन जामीनदार लागतात, "वहिनी, तुमचा पगार पक्का आहे." तोवर सहावा अध्याय माझा तीनदा वाचून झाला होता. तरी तोंडातून नाही निघेना. सख्खे दीर, आमच्या लग्नात मांडव घालायला राबलेले. तीन दिवस मागून घेतले. यांच्याशी बोलले, पाळकसाहेबांकडे गेले, आणि तिसरा अध्याय पुन्हा काढला, कारण ज्या अध्यायात भाव ठेवायला सांगितलंय त्याच अध्यायात पुढे २७-२८ मध्ये हेही आहे की हात चालत असेल तर भलं करायला मागे हटू नकोस, जवळ असताना शेजाऱ्याला "जा, उद्या ये" म्हणू नकोस. म्हणजे जामीन राहू नको म्हणणारं पुस्तक मूठ झाकायला सांगत नाही. जे जवळ आहे ते दे, जे नाही ते गहाण टाकू नको, असा मी त्याचा अर्थ लावला. आरडी मोडून ४०,००० त्यांच्या हातात ठेवले, परत नाही आले तरी चालेल म्हणून, आणि सही करणार नाही हे तोंडावर सांगितलं. भाऊजींनी पैसे घेतले, पण ईस्टरच्या जेवणाला आले नाहीत.

इथवर लिहून थांबले असते तर पुस्तिका बंद करा असाच सल्ला दिला असता. एप्रिलपर्यंत माझं मत तेच होतं. दोन गोष्टींनी ते बदललं.

पहिली, एप्रिलच्या अंकातलं याकोबाच्या पत्रातल्या १:५ वरचं पान. ज्ञानाने उणा असेल त्याने देवाजवळ मागावं, हे पाठ आहे. पण लिहिणाऱ्याने सगळं मनन "दोष न लावता" या तीनच शब्दांवर केलं होतं. आपण एखाद्या जाणत्या माणसाकडे दुसऱ्यांदा त्याच चुकीसाठी गेलो की तो आधी सुनावतो, मग सांगतो. देव आधी देतो. ते वाचताना मला समजलं की चार वर्षं मी जामिनाचा विषय प्रार्थनेत आणलाच नव्हता. लाज वाटत होती. अख्खा अध्याय वाचणाऱ्या माझ्यासारखीच्या नजरेतून असे तीन शब्द निसटतात, कारण पुढच्या वचनाकडे जायची घाई असते. ते पान मी कापून पवित्र शास्त्रात ठेवलंय. शलमोन राजाने गिबोनात देवाजवळ जे मागितलं त्याचा मूळ इब्री अर्थ "ऐकणारं हृदय" असा आहे, हेही त्याच आठवड्यातल्या पानावर नीट उलगडून सांगितलं होतं. हा आठवडा उत्तम होता, मनापासून सांगते.

दुसरी, मे महिना. आईंना, म्हणजे सासूबाईंना, अकरा दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे अध्याय वाचून होत नाही. मी प्रयत्न केला. बाराव्या अध्यायाची दोन वचनं होतात तोवर नर्स औषधाची चिठ्ठी देते, तिसऱ्यापर्यंत कागद कुठे ठेवला ते आठवत नाही. दहाव्या अध्यायापासून नीतिसूत्रांत एकेक वचन सुटं आहे, एकाचा दुसऱ्याशी संबंध असेलच असं नाही. घरी बसून चघळायला ते चांगलं, दवाखान्याच्या बाकावर नाही. तिथे पर्समधली पुस्तिका उपयोगी पडली. हातभर लांबीची नाही, पान एका हाताने उलटतं. ऑपरेशनच्या सकाळी स्तोत्र ५६:३ होतं, भीती वाटेल तेव्हा तुझ्यावर भरवसा ठेवीन असं. अर्धं वचन असेल, पाव असेल, मला त्या दिवशी तेवढंच पेलत होतं. दाविदाला पलिष्ट्यांनी गथमध्ये धरलं तेव्हाचं ते स्तोत्र आहे. भीती वाटणार नाही, असं या वचनात तो म्हणत नाही, "भिणार नाही" हे पुढच्या वचनात येतं. बाहेरच्या बाकावर बसून तेच मी सत्तरेक वेळा म्हटलं असेल.

त्या अकरांतल्या सात रात्री भाऊजी बसले. टेम्पोचं अजून जमलेलं नव्हतं. एका रात्री माझ्या हातातली पुस्तिका घेऊन त्यांनी त्या दिवसाचं पान आईंना वाचून दाखवलं. जामिनाचा विषय दोघांनीही काढला नाही.

फोनवरच्या ॲपबद्दल थोडक्यात. फुकट आहे, पहाटे पाचला वचन येतं, कधीच उशीर नाही. पण जूनमध्ये अपडेट झालं आणि वचनं सोप्या भाषांतरात येऊ लागली. तिथे "भाव ठेव"च्या जागी "विश्वास ठेव" आहे. चूक नाही. पण विश्वास आपण बँकेवर ठेवतो, डॉक्टरवर ठेवतो. भाव फक्त देवावर ठेवतो, आणि मराठी माणसाला हा फरक आजीच्या मांडीवर समजतो. मी सेटिंगमध्ये जाऊन जुनं भाषांतर परत लावलं, ते आपोआप बदलतं, दर पंधरा दिवसांनी पुन्हा लावावं लागतं. पुस्तिकेत निदान भाव शिल्लक आहे.

तारखेप्रमाणे नीतिसूत्रे वाचण्यातली एक उणीवही नोंदवते. ३१वा अध्याय वर्षात सातच वेळा येतो, कारण ३१ दिवसांचे महिने सात. फेब्रुवारीत ३०वाही जातो. त्यातली आगूरची प्रार्थना, दारिद्र्य नको, श्रीमंतीही नको, गरजेपुरतं अन्न दे, ही महिनाअखेरीला पगार संपत आलेला असताना वाचण्यासारखी दुसरी प्रार्थना मला माहीत नाही. म्हणून २८ फेब्रुवारीला मी तीन अध्याय एकदम वाचले. २६व्यात लागोपाठ दोन वचनं आहेत: मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच, दे. पहिल्या महिन्यात मला ही छपाईची चूक वाटली होती. आता मी त्या दिवशी कुणाशी बोलायचंय ते आधी आठवते आणि मग ठरवते, आज चौथं की पाचवं.

सध्या दोन्ही चालू आहे. घरी अध्याय, पर्समध्ये पुस्तिका. पुढच्या वर्षाची वर्गणी भरणार आहे, पण मंडळीच्या एकगठ्ठा मागणीतून. अंक चर्चमध्ये येतात, उशीर झाला तर विचारायला चाळीस माणसं असतात. कार्यालयाला पत्रही लिहिलंय, 'अ' सोडा, पूर्ण वचन छापा म्हणून. उत्तर आलेलं नाही.

तोवर मी तळाच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने 'ब' लिहिते. आईंना ते बारीक अक्षर दिसत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय. म्हणून रात्री झोपण्याआधी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेनने दुसऱ्या दिवसाचं वचन मोठ्या अक्षरांत उतरवून चहाच्या डब्याला टेकवून ठेवते, अ आणि ब दोन्ही. काल दमले होते, दिवा घालवून आडवी झाले, तर आतून आवाज आला, "अगं, उद्याचं लिहिलंस का?"