काउंटरवर एक, खोक्यात भलतंच: सांगलीत माऊस-कीबोर्ड घेताना

काउंटरवर जो माऊस हातात देतात तोच खोक्यातून घरी येईल, असं धरून चालू नका. सांगलीत मला नेमकं इथंच गंडवलं. चौकशी केली तेव्हा ओळखीतल्या आणखी एकदोघांच्या घरीही तसलाच माल निघाला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही. पद्धत मात्र सगळी सांगतो.

माझं काम डीटीपीचं. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. दिवसभर इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर मराठी टायपिंग. हे ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे, मराठीला शिफ्ट किती लागते. क साधा, ख ला शिफ्ट. त साधा, थ ला शिफ्ट. ल साधा, ळ ला शिफ्ट. अ, आ, इ हे सुटे स्वर तर सगळे शिफ्टमध्येच. बटणं जड असली की संध्याकाळपर्यंत करंगळीतून कोपरापर्यंत कळ जाते. त्यात भाचा शिकायला आमच्याकडे राहतो. दिवसा कॉम्प्युटर माझा, रात्री त्याचा, आणि रात्री व्हॅलोरंट हा गेम. दोघांच्या हाताला चालेल असा एकच संच हवा होता.

निवड आम्ही नीट केली होती. मी माऊसवर अख्खा पंजा टेकवतो, भाचा बोटं वाकवून नुसत्या टोकांनी दाबतो. म्हणून मध्यम आकाराचा, पाठीला थोडा उंच असलेला माऊस पसंत केला, मोठ्या कंपनीचा. कीबोर्ड उजवीकडचे आकडे नसलेला, म्हणजे टेनकीलेस. त्यानं माऊस अंगाजवळ येतो, खांदा बाहेर ताणावा लागत नाही. कीबोर्ड मेकॅनिकल हवा होता, त्यात बटणाखालच्या स्विचचे प्रकार रंगावरून ओळखतात. ब्लू स्विचची खटखट रात्री घरात कोण ऐकून घेणार? म्हणून ब्राउन. बोटाला हलका टप्पा लागतो आणि आवाजही बेताचा. कीबोर्डचे मागचे पाय उघडून बघितले, मिटून बघितले. मिटलेलेच बरे, मनगट सरळ राहतं. (हे फुकटात होतं आणि कुठल्याही कीबोर्डला लागू आहे.) दुकानात डेमोचे पीस पीसीला जोडूनच ठेवलेले होते. मी दोनचार ओळी टाइप केल्या, भाच्यानं फोटो काढून मित्रांना पाठवले. तेच फोटो पुढं कामाला आले.

"हा डेमोचा आहे साहेब, तुम्हाला सीलबंद देतो," म्हणून पोरगा आत गेला आणि दोन खोकी घेऊन आला. यात शंका घेण्यासारखं काय आहे? शेकडो लोकांनी हाताळलेला पीस कोण घेईल? खोक्यांवर चित्रं तीच होती. माऊसचे २८००, कीबोर्डचे ३६००. बिल मागितलं तर म्हणाला, "बिलाचं मशीन बंद आहे, उद्या येऊन घेऊन जा." तोवर म्हणून एका कोऱ्या चिठ्ठीवर बॉलपेननं लिहून दिलं: माऊस १, कीबोर्ड १, ६४००. वर दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही, मॉडेल नाही. क्यूआर कोड स्कॅन केला तर पैसे दुकानाच्या नावावर न जाता कुणा व्यक्तीच्या खात्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी बिलाला गेलो, तर भाषा बदललेली. "पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के वर पडतील." या वस्तूंवर जीएसटी १८ टक्के आहे हे खरं, पण खोक्यावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात. मी ते बोलून दाखवलं. "मालक आले की बघू," असं उत्तर मिळालं. मालक काही आले नाहीत.

घरी पहिला बिघाड कीबोर्डनं दाखवला. एका पत्रिकेत 'लग्न' लिहायचं, तर स्क्रीनवर 'लगन'. परत टाइप केलं, परत 'लगन'. सावकाश टाइप केलं की बरोबर, हात भरभर चालला की मधला हलंत गायब. भाच्याची तक्रार वेगळी: गेममध्ये पुढं जाता जाता शिफ्ट धरून स्पेस दाबला तर उडीच लागत नाही. त्यानं सरळ एक बटण उपटून काढलं. मेकॅनिकल कीबोर्डच्या बटणाखाली प्रत्येकाला स्वतंत्र स्विच असतो, ब्राउनला तपकिरी दांडी, बहुतेकांत अधिकच्या चिन्हासारखी. आमच्याकडे खाली पांढरट रबराची टोपी निघाली. साधा मेंब्रेन. असल्या स्वस्त कीबोर्डमध्ये एका वेळी तीन बटणं दाबली की तिसरं कित्येकदा उमटतच नाही. मग खोकं नीट वाचलं. चित्राच्या खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात छापलेलं: 'मेकॅनिकल फील'.

माऊसचा प्रकार याहून वाईट. कीबोर्डवर निदान खोटं लिहिलेलं नव्हतं, माऊसवर कंपनीचं नावच खोटं. हातात हलका लागला, चाक फिरवताना दात अडकल्यासारखं व्हायचं. कंपनीचं सॉफ्टवेअर टाकलं, त्याला हा माऊस दिसेचना. भाच्यानं विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून माऊसच्या प्रॉपर्टीजमधलं हार्डवेअर आयडी काढलं. यूएसबीच्या प्रत्येक वस्तूला कंपनीचा एक क्रमांक असतो: लॉजिटेकचा ०४६डी, रेझरचा १५३२. आमच्या माऊसचा क्रमांक त्याच्या अंगावरच्या नावाशी जुळत नव्हता. एक लक्षात ठेवा, नकली करणारे हा क्रमांकही चोरू शकतात. जुळला म्हणून अस्सल ठरत नाही, पण नाही जुळला तर मामला उघड आहे.

आणखी एक तपासणी पट्टीनं होते. माऊस ८०० डीपीआयवर ठेवा, विंडोजमधला पॉइंटरचा वेग मूळ जागी, म्हणजे मधोमध, आणि 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन'ची खूण काढून टाका. ८०० डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की कर्सर ८०० पिक्सेल जायला हवा. स्क्रीन १९२० पिक्सेलची असेल तर डावीकडून उजवीकडं जायला साधारण सहा सेंटीमीटर लागतील. आमच्या माऊसला कधी चार लागायचे, कधी आठ. खोक्यावर मात्र ८००० डीपीआय ठळक छापलेलं. डीपीआयचं बटण दाबलं की दिव्याचा रंग मात्र इमानदारीनं बदलायचा!

दुकानात परत गेल्यावर जे ऐकायला मिळालं ते जसंच्या तसं देतो, कारण तुम्हालाही हेच ऐकवतील. आधी, "कंपनीनं नव्या लॉटमध्ये डिझाइन बदललंय." मग, "सगळं चायनाच असतंय हो, ओरिजिनल कुठं राहिलंय आता." शेवटी हुकमी पत्ता: "सील तुम्ही तोडलंय. हा पीस आमच्याच दुकानातला कशावरून?"

या शेवटच्या प्रश्नासाठीच ती कोरी चिठ्ठी दिलेली असते.

पण कायदा इथं आपल्या बाजूनं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल किंवा पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीदेखील. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात, म्हणून तक्रार लेखी करा आणि त्या मुदतीत करा. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. मराठीत बोलता येतं. सोबत यूपीआयचा व्यवहार क्रमांक, दुकानातल्या डेमोचे फोटो आणि घरी निघालेल्या मालाचे फोटो जोडले. यूपीआयच्या नोंदीवर तारीख-वेळ असते आणि भाच्याच्या फोटोंवरही, दोन्हींत काही मिनिटांचंच अंतर. माल आमच्याकडचा कशावरून, या प्रश्नाला तेवढं उत्तर पुरलं. हेल्पलाइननं ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि खरेदी दुसऱ्या गावात झाली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते. म्हणजे तासगाव-विट्याच्या माणसानं पुण्यात घेतलेल्या मालासाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही.

सांगलीतली सगळी दुकानं अशी आहेत असं मी म्हणत नाही. पुढचा कीबोर्ड मी इथंच घेतला, विश्रामबागेत, आणि त्या माणसानं न मागता बिल दिलं. तिथं मी आधीच सांगितलं: खोकं तुमच्यासमोर फोडायचं, तुमच्याच पीसीला जोडायचं, मी एक बटण काढून बघणार, आणि बिलावर मॉडेल क्रमांक लिहायचा. तो हसला, पण सगळं केलं. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, ग्राहक सेवेचा नंबर आहे का तेही तिथंच वाचून घेतलं. आयात मालाच्या वेष्टनावर हे छापणं सक्तीचं आहे. आमच्या नकली माऊसच्या खोक्यावर आयातदाराचं नावच नव्हतं, आणि एमआरपीचं स्टिकर नखानं उचकटलं तर खाली दुसरा, कमी आकडा होता. वायरलेस कीबोर्ड घेत असाल तर त्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, 'आर' नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा आणि बीआयएस केअर या ॲपमध्ये तिथल्या तिथं टाकून बघा. मिनिटभराचं काम आहे. दुकानदार कुरकुरला तर तोही एक निकालच समजायचा.

हेल्पलाइनवरून विचारणा झाल्यावर, इतके दिवस न आलेल्या मालकांचा एकदम फोन आला. "अहो, एवढ्यावरून कशाला वर जायचं?" माऊसचे २८०० दुसऱ्या दिवशी परत आले, पुन्हा त्याच व्यक्तीच्या खात्यावरून. कीबोर्डचे मात्र अडलेत. त्यांचं म्हणणं, खोक्यावर 'फील' लिहिलंय, आम्ही मेकॅनिकल म्हणालोच नव्हतो. माझं म्हणणं, डेमोला ब्राउन स्विच होता, त्याच्याखालच्या पाटीवर किंमत ३६०० लिहिली होती, आणि ती पाटी फोटोत आहे. आता आयोगाचा अर्ज भरतोय. तुमच्याकडं कुणाकडं अशीच बॉलपेनची कोरी चिठ्ठी आणि रबराच्या टोप्यांचा 'मेकॅनिकल' असेल, तर चिठ्ठी टाकून देऊ नका, त्या दिवशीची यूपीआयची नोंद काढून ठेवा आणि १९१५ वर आपापली तक्रार नोंदवा.