आठ महिने वापरलेली सेकंडहँड एसएसडी: ड्राइव्ह निर्दोष सुटली, चोर वेगळाच निघाला

ही एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी वेगवान ड्राइव्ह) मार्चमध्ये घेतली होती, आता नोव्हेंबर चालू आहे, म्हणजे आठ महिने झाले. घेतल्या घेतल्या लिहिणार होतो पण म्हटलं पावसाळा तरी जाऊ दे, आणि बरं झालं थांबलो, कारण जूनमध्ये जे झालं त्याच्या आधी लिहिलं असतं तर नुसतं "मस्त आहे, घेऊन टाका" एवढंच लिहिलं असतं.

लॅपटॉप २०१५ चा, आय फाइव्ह पाचवी जनरेशन, रॅम ४ ची ८ केलेली, आणि आत ती मूळची ५४०० आरपीएमची हार्डडिस्क. सुरू करायचं बटण दाबून चहा टाकायचा, चहा उकळून गाळून झाला तरी खालचं ते गोल फिरतंच आहे. बायको त्यावर श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर) टायपिंगची कामं करते, तिने सरळ सांगितलं एकतर हा डबा बदल नाहीतर मी बाहेर जाऊन टाइप करते. नवीन लॅपटॉपचं बजेट नव्हतं आणि इतक्या जुन्या मशीनमध्ये नवी कोरी ड्राइव्ह घालायला हात धजेना, म्हणून सेकंडहँड.

आधी लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या कॉम्प्युटर सामानाच्या बाजारात, चक्कर मारली. डोंबिवलीहून दादर, दादरला बदलून ग्रँट रोड. दोन ड्राइव्ह बघितल्या आणि दोन्ही सोडल्या. पहिलीची हेल्थ चांगली दाखवत होती पण चालू तास ३१ हजार आणि चालू-बंद फक्त ६० वेळा. असं घरगुती लॅपटॉपमध्ये होतच नाही, ती दिवसरात्र चालणाऱ्या मशीनमधून काढलेली, आणि तिच्यावर १९० टीबी (१ टीबी म्हणजे १००० जीबी) लिहूनही झालं होतं. दुसरी त्याहून भारी, तास ० आणि चालू-बंद २ वेळा, "साहेब न्यू जैसाच है", पण स्क्रूच्या भोकांभोवती रंग उडालेला आणि सोनेरी पिनांवर घासल्याच्या रेघा. नवी ड्राइव्ह स्वतःहून अशी घासत नाही. आकडे पुसून शून्यावर आणता येतात हे माहीत असूद्या. पिनांवरच्या रेघा पुसता येत नाहीत.

शेवटी ऑनलाइन जाहिरात बघून मुलुंडच्या एका पोराकडून घेतली. सॅमसंग ८६० इव्हो, ५०० जीबी, अडीच इंची, साटा जोडणीची (जुन्या हार्डडिस्कचीच जोडणी), १८०० रुपये. घरी नाही, स्टेशनजवळच्या उडप्याकडे भेटू म्हटलं, आणि लॅपटॉप आणि यूएसबी ते साटा कन्व्हर्टर केबल घेऊन गेलो. पोरगं मला बघूनच वैतागलं. "काका, हेल्थ ९६ टक्के आहे ना, अजून काय पाहिजे?" म्हटलं बस, कॉफी घे, मला दहा मिनिटं दे.

तर ते टक्के वगैरे सोडा. क्रिस्टलडिस्कइन्फो (ड्राइव्हची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं की खाली जी यादी येते ती बघायची. त्यातले आकडे सुरुवातीला हेक्समध्ये असतात, मध्येच ए बी सी डी घुसलेले, ते सेटिंगमध्ये जाऊन डेसिमल करून घ्यायचे नाहीतर काहीच कळत नाही. या ड्राइव्हला एफ१ नावाच्या ओळीसमोर आजवर एकूण किती लिहिलं ते सेक्टरमध्ये, म्हणजे ड्राइव्हवरच्या छोट्या तुकड्यांत, येतं. माझ्या वेळी ४१८० कोटींच्या आसपास होतं, एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे साधारण २१.४ टीबी. या मॉडेलला कंपनीने एकूण ३०० टीबी लिहिण्याची हमी दिलेली (टीबीडब्ल्यू म्हणतात ते हेच), म्हणजे ७ टक्के वापर. चालू तास ९,४१२, चालू-बंद १,८७६ वेळा. भागून बघा, एका वेळी सरासरी ५ तास, म्हणजे ऑफिसच्या लॅपटॉपचीच ड्राइव्ह, आणि पोरगंही तेच सांगत होतं. गोष्ट आणि आकडे जुळले. खराब होऊन बदललेले सेक्टर ०, न सुधारलेल्या एरर ०. आणि सी७ समोर, सीआरसी एरर, ३. हा ३ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक टीप, सगळ्याच कन्व्हर्टर केबल हे आकडे पुढे पाठवत नाहीत. माझ्याकडची पहिली नुसतं कोरं पान दाखवायची. घरी आधी दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हवर तपासून मग निघा, नाहीतर हॉटेलात बसून घाम फुटतो.

दोन दिवसांत काही लफडं निघालं तर पैसे परत, असं पोराकडून मेसेजवर लिहून घेतलं आणि पैसे दिले.

घरी आणून लावली तर आत सगळा डेटा तसाच! "लग्नपत्रिका फायनल", "लग्नपत्रिका फायनल नवीन", "फायनल नवीन आत्याचं नाव टाकून" अशा फायली. पुढे काही उघडलं नाही, त्याला फोन केला, म्हटलं अरे पुसून तरी विकायची. तर म्हणतो, "अहो काका बरं झालं, ती आत्यावाली माझ्याकडे राहिलीच नाहीये, पाठवा ना." पाठवली. हे हसण्यावारी नेऊ नका, विकणारे तुम्ही असाल तर डेटा नीट पुसा, समोरचा काका माझ्यासारखा असेलच असं नाही.

मग फॉरमॅट मारून एचटूटेस्टडब्ल्यू लावलं. हे छोटं फुकटचं सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह भरून टाकतं आणि मग तेच परत वाचून जुळवतं. स्वस्तात १६ टीबी म्हणून ज्या एक्स्टर्नल ड्राइव्ह विकतात त्यांच्या आत कधीकधी नुसतं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं, आणि विंडोजला खोटाच आकडा सांगितला जातो, जागा संपेपर्यंत सगळं छान कॉपी होतं आणि मग आधीच्याच फायलींवर लिहायला लागतं. ते यात पकडलं जातं. माझी ४६५ जीबी (५०० ची ४६५ च दिसते, त्यात फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी) तासाभरात बिनचूक पास.

त्यानंतर सिक्युअर इरेज. हे साध्या फॉरमॅटसारखं नसतं, ड्राइव्हला स्वतःलाच हुकूम द्यायचा की सगळे सेल रिकामे कर. मी लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम) लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून, केलं, ड्राइव्ह लॅपटॉपच्या आत बसवून, कारण यूएसबीवरून हे करू नये. पहिल्यांदा "फ्रोझन" म्हणून नकार आला. हा बायॉसचा (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) कुलूप लावायचा प्रकार, लॅपटॉप झोपवायचा म्हणजे स्लीपला टाकायचा आणि परत उठवायचा, बहुतेक वेळा सुटतं. माझं सुटलं. चार्जर मात्र लावून ठेवा, याच्यात आधी तात्पुरता पासवर्ड बसतो आणि मध्येच लाइट गेली तर ड्राइव्ह कुलूपबंद राहू शकते.

बाकी सेटअप पटकन सांगतो. बायॉसमध्ये साटा ड्राइव्हशी बोलायचा मोड एएचसीआय, जुन्या डिस्कची क्लोन म्हणजे हुबेहूब नक्कल न करता विंडोज १० कोरं टाकलं, लायसन मदरबोर्डला बांधलेलं असल्याने आपोआप ॲक्टिव्हेट झालं. ट्रिम (खोडलेल्या फायलींची जागा रिकामी झाली हे ड्राइव्हला कळवणं) चालू आहे का बघितलं, तिथे गंमत म्हणजे ० आलं की चालू आणि १ आलं की बंद. चहा टाकायच्या जागी आता २२ सेकंद. बायको पहिल्या दिवशी म्हणाली, "अर्धवट चालू झालाय का?"

आणि हो, आपल्या लॅपटॉपमध्ये बसते काय ते घ्यायच्या आधी बघा. भाच्याने लॅपटॉपमध्ये एम डॉट टू (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीचा स्लॉट) आहे म्हणून एनव्हीएमई (साटापेक्षा वेगळ्या, जलद पद्धतीने बोलणारी एसएसडी) आणली, त्याच्या लॅपटॉपचा स्लॉट फक्त साटावाला, आकार तोच, पण ओळखतच नाही, परत विकायला लागली.

आता जून. पाऊस सुरू झाला आणि लॅपटॉप मध्येच दहा-दहा सेकंद थिजायला लागला. माउस हलतोय पण काहीच उघडत नाही, मग एकदम सगळं उघडतं. बायकोची अर्धी पत्रिका गेली (हो, ती पण लग्नपत्रिकाच टाइप करत होती, सीझन!). मी आधी हवेतला ओलावा, मग विंडोजचं अपडेट, आणि मग अर्थातच मुलुंडचं पोरगं, या क्रमाने शिव्या घातल्या. त्याला मेसेज टाइप पण करून ठेवला होता, पाठवायच्या आधी म्हटलं आकडे तरी बघू. खराब सेक्टर अजून ०. न सुधारलेल्या एरर ०. सी७ समोर ४०९.

३ चे ४०९! सीआरसी एरर म्हणजे ड्राइव्हमधून माहिती नीट निघाली पण लॅपटॉपपर्यंत पोचताना वाटेत बिघडली, मग परत पाठवायची, म्हणून ते थिजणं. म्हणजे दोष बहुतेक ड्राइव्हच्या आत नसून रस्त्यात. खालचं झाकण उघडलं. ही ड्राइव्ह ७ मिलिमीटर जाड आणि आमच्या लॅपटॉपचा कप्पा साडेनऊ मिलिमीटरच्या हार्डडिस्कसाठी केलेला, म्हणून बसवताना मी खाली जाड पुठ्ठा दुमडून कोंबला होता, तो ठीक होता. पण मदरबोर्डकडून येणारी ती पट्टीसारखी फ्लेक्स केबल झाकणाच्या एका खिळ्याखाली सापडून कोपऱ्यात काटकोनात मुडपली होती. नखाने दाबली तर पांढरी रेघ दिसली. मार्चमध्ये झाकण मीच लावलं होतं, दुसरं कोण येणार.

परत ग्रँट रोड. लॅपटॉपचा मॉडेल नंबर आणि जुन्या केबलवरचा पार्ट नंबर दोन्ही नेले होते, चौथ्या दुकानात मिळाली, ३५० रुपये, घासाघीस करून ३००. पुठ्ठा काढून त्याच दुकानातून प्लास्टिकची अडीच मिलिमीटरची चौकट घेतली ४० रुपयांना, ती आधीच घ्यायला हवी होती. केबल बदलेपर्यंत आकडा ४२७ वर गेला होता. हा आकडा कमी कधीच होत नाही, वाढायचा थांबला की समजायचं.

पोराला टाइप केलेला मेसेज खोडला.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, म्हणून आता लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलंय, श्रीलिपीसाठी विंडोजचं एक पार्टिशन ठेवलंय पण त्याचं नेट बंद. मिंटमध्ये ट्रिम आठवड्याला आपोआप होतं, काही करावं लागलं नाही. आठ महिन्यांनंतर आता चालू तास १०,६३०, लिहिलेलं २४.९ टीबी, म्हणजे साडेतीन टीबी वाढलं, त्यात अर्धा टीबी तर माझ्या चाचणीचाच. या वेगाने ३०० गाठायला पन्नासेक वर्षं लागतील, तोवर मी नसेन आणि साटाही नसेल. पण एसएसडी झिजून मरते त्यापेक्षा कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी आतली मुख्य चिप) उडून एका सकाळी अचानक मरायची भीती मला जास्त, तेव्हा हेल्थ ९६ काय आणि ९५ काय, काहीही सांगून येत नाही. वॉरंटी तर कधीच संपलेली. म्हणून बायकोची कामं रोज रात्री जुन्या हार्डडिस्कवर जातात, तिला आता ५०० रुपयांचा केस घालून एक्स्टर्नल केलंय. उलटं करू नका, म्हणजे एसएसडीत बॅकअप घेऊन कपाटात टाकू नका, वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिली तर सेलमधला चार्ज गळतो, आणि झिजलेल्या ड्राइव्हचा जास्त लवकर.

वहीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आकडे लिहितो, बायको त्याला माझी शुगरची वही म्हणते. काल बघितले, खराब सेक्टर ०, सी७ समोर ४२७.