स्लीव्ह सर्जरी आणि ऑनलाइन समुपदेशन : ८ महिन्यांच्या वापरानंतर

स्लीव्ह सर्जरी म्हणजे वजन घटवण्यासाठी जठर लहान करण्याचं ऑपरेशन. त्यासोबत ऑनलाइन समुपदेशनाचं पॅकेज घेतलं असेल तर सगळी सेशन्स ऑपरेशनच्या आधी आणि पहिल्या महिन्यात संपवू नका. सुरुवातीला पातळ, मग वाटलेलं अन्न. भूक कमी असते, वजनाचा काटा भराभर उतरतो, बोलायला फारसं काही नसतं. खरी गरज पुढे, काटा अडतो तेव्हा लागते. १० सेशन्स असतील तर २ आधी, २ पहिल्या दोन महिन्यांत घ्यावीत आणि ६ पुढच्या वर्षभरासाठी राखावीत.

सर्वांत उपयोगाची ठरते नोंदवही. काय खाल्लं एवढ्याने भागत नाही. किती वाजता, भूक ० ते १० मध्ये किती आणि त्याच्या आधी काय घडलं, हेही लिहायचं. पोट लहान झालं तरी येता-जाता तोंडात टाकायची सवय आपोआप सुटत नाही. ताटभर जेवण जात नाही, पण वाटीभर फरसाण दोन तासांत सहज संपतं, आइस्क्रीम तर अलगद उतरतं. कॅलरी डाएटिशियन मोजेल. दुपारचा एकटेपणा काउन्सेलरपुढेच उलगडतो. नोंदी आदल्या रात्री पाठवा, नाहीतर ४५ मिनिटांतली १५ आठवण्यातच जातात.

लग्नाच्या पंगतीतला आग्रह हाही मोठा प्रश्न. "छान झालंय, पण माझं पोट भरलं" हे वाक्य सेशनमध्ये मोठ्याने म्हणून बसवून घेतलं की ऐन वेळी जीभ अडखळत नाही.

मोठी अडचण एकांताची. हेडफोन लावला तरी आपलं बोलणं शेजारच्या खोलीत जातंच, आणि मग माणूस नेमकं चोरून खाण्याबद्दलच गप्प राहतो. गच्ची किंवा उभी केलेली गाडी बरी. पडद्यावरची स्वतःची चौकट लपवा. बदललेला चेहरा सतत समोर असला की लक्ष तिथेच जातं. काउन्सेलरला मात्र फक्त चेहरा दिसतो. सैल कातडी, केस गळणं यांचा त्रास आपणच बोलून दाखवायचा.

दारू आता लवकर चढते, तेही लपवू नका. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर डोस मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील. गॅस्ट्रिक बायपास या वजन घटवण्याच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर काही गोळ्यांचं शोषण बदलतं. जीव नकोसा वाटला तर पुढच्या सेशनची वाट पाहू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, २४ तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आणि उलट्या थांबत नसतील, सोबत गोंधळल्यासारखं होत असेल, तोल जात असेल, तर ते मनावर ढकलू नका. बी-१ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही असं होतं. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.