सर्व्हिसचं बिल घेतलं, रेग्युलेटर मात्र उघडलाच नव्हता

स्कूबाचं सामान स्वतःचं असेल आणि ते एखाद्या ओळखीच्या डाइव्ह शॉपमध्ये डोळे झाकून सर्व्हिसला टाकत असाल, तर हे वाचाच. माझी फसवणूक कुठल्या परक्या दुकानात झाली नाही. माझ्या फिनचा साइज, मला लागणारं वजन, माझ्या डाइव्ह बडीचं, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराचं, नाव हे सगळं ज्यांना तोंडपाठ होतं, त्यांनीच केली.

ज्यांना रेग्युलेटरची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भरलेल्या सिलिंडरमध्ये हवेचा दाब २०० बारच्या आसपास असतो. सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर बसणारा फर्स्ट स्टेज तो दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९-१० बार जास्त, इथपर्यंत उतरवतो. तोंडातला सेकंड स्टेज पुढचं काम करतो आणि आपण श्वास घेतो. ही सगळी मदार आतल्या ओ-रिंग (रबरी कड्या) आणि हवेची वाट बंद करणाऱ्या इवल्याशा सीटवर असते. वापराने आणि खाऱ्या पाण्याने हे भाग झिजतात, म्हणून कंपनीने ठरवून दिलेल्या मुदतीत रेग्युलेटर पूर्ण उघडून, साफ करून ते बदलावे लागतात. बाहेरून पाहून यातलं काहीही कळत नाही, आणि नेमकं तेच अशा लोकांच्या पथ्यावर पडतं.

मी रेग्युलेटरचा पूर्ण सेट दिला होता. परत मिळाला तेव्हा बिलावर तीन सर्व्हिस किट लावलेली: फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज आणि ऑक्टोपस, म्हणजे जादाचा सेकंड स्टेज. होजवर तारखेचा चकचकीत स्टिकर. काढलेले जुने भाग मी मागितले, तर काउंटरवरचा हसून म्हणाला, "अहो, तो कचरा कोण सांभाळतं? टाकून दिला."

पुढे एका डाइव्हला खाली असतानाच सेकंड स्टेजमधून बारीक बुडबुडे सुटायला लागले. तोंडात ठेवला तरी सुटायचे, काढला तरी सुटायचे. सिलिंडरमधली हवा दाखवणाऱ्या गेजचा काटा नेहमीपेक्षा भराभर उतरायला लागला. बडीला खूण केली आणि दोघंही शांतपणे वर आलो. भीतीचं वर्णन करत बसत नाही, कारण खरी गोष्ट त्यानंतरची आहे.

सेट दुसऱ्या एका टेक्निशियनकडे नेला. त्याने तो माझ्यासमोर उघडला. उघडण्याआधी मधल्या, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून बाहेर पडणाऱ्या, दाबाचा गेज जोडला. चांगल्या रेग्युलेटरमध्ये काटा एका आकड्यावर जाऊन थबकतो. माझ्यात तो थांबलाच नाही, हळूहळू वर सरकत राहिला. म्हणजे सीट गेलेली. मग फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेला छोटा फिल्टर दाखवला. तो हिरवा पडला होता, म्हणजे आत खारं पाणी जाऊन बराच काळ झालेला. कॅपच्या आट्यांत मीठ इतकं घट्ट बसलं होतं की भिजत ठेवल्याशिवाय पाना फिरेना. आतली ओ-रिंग एका बाजूने दबून पार चपटी झालेली. आणि ऑक्टोपसच्या माउथपीसवरचा निळा झिप टाय? तो मीच कधीतरी बांधलेला होता, तो जसाच्या तसा. नीट सर्व्हिस करताना माउथपीस काढतात, आणि काढायचा म्हणजे टाय कापावाच लागतो.

हे घेऊन मी पहिल्या दुकानात गेलो. उत्तर तयारच होतं: "तुम्ही डस्ट कॅप न लावता धुतला असणार, पाणी सर्व्हिसनंतर शिरलं." फर्स्ट स्टेजचं तोंड झाकणारी ही कॅप नीट न बसवता धुतलं तर पाणी आत जातं, हे खरंच आहे. असली अर्धी खरी उत्तरं नवख्या माणसाला गप्प करतात. पण नव्या किटमधली ओ-रिंग थोड्याच काळात अशी चपटी होत नाही. आणि झिप टायचं विचारल्यावर मालकांना एकदम फोन आला.

जवळच्या दुकानाला धरून राहावं, सगळं ऑनलाइन मागवू नये, असं मी अजूनही म्हणतो. मास्क, फिन, वेटसूट कुठूनही येतील. हवा आणि सर्व्हिस मात्र घरपोच येत नाही. म्हणून दुकान जोखायचं ते या दोन गोष्टींवर, चहा-गप्पांवर नाही. आता मी जिथे जातो तिथे काढलेले भाग न मागता छोट्या पिशवीत घालून देतात आणि सर्व्हिसनंतर दाब किती ठेवला हे कागदावर लिहून देतात. माझा जुना ऑक्टोपस पाहून तिथल्या बाई सरळ म्हणाल्या, "याचे भाग आता मिळत नाहीत, किटचे पैसे घालवू नका." ज्या दुकानाला स्वतःचं गिऱ्हाईक असं परत पाठवता येतं, तिथे मी चार पैसे जास्त द्यायला तयार आहे.

हवेचंही तसंच. कॉम्प्रेसरची हवा खेचणारी नळी कुठे आहे ते बघा. इंजिनाच्या किंवा गाड्यांच्या धुराजवळ असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट सिलिंडरमध्ये जातो, आणि त्याला ना वास ना रंग. श्वसनाच्या हवेच्या युरोपीय मानकात, ईएन १२०२१ मध्ये, त्याची मर्यादा दहा लाख भागांत जेमतेम ५ भाग आहे. खोल पाण्यात दाब वाढतो तसा तेवढ्याच वायूचा परिणामही वाढतो. फिल्टर कधी बदलला आणि हवेची तपासणी कधी झाली, हे विचारल्यावर ज्यांच्या कपाळाला आठी पडते, तिथून सिलिंडर उचलू नका. भाड्याच्या सिलिंडरच्या खांद्यावर दाबचाचणीची तारीख ठोकलेली असते. बऱ्याच देशांत ही चाचणी दर ५ वर्षांनी लागते. स्टिकर कुणीही चिकटवतं, तेव्हा धातूवरचा आकडा वाचा. आणि नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेली हवा, घेत असाल तर ॲनालायझर स्वतःच्या हातात घेऊनच ऑक्सिजन मोजा. "आम्ही मोजलाय" हे चालत नाही.

पैशांचं विचाराल तर फोटो, बिल आणि दुसऱ्या टेक्निशियनचा लेखी अहवाल जोडून मी रीतसर परतावा मागितला. बरेच दिवस काहीच नाही. मग एक मेसेज आला: जुने ग्राहक म्हणून तुम्हाला पुढच्या सर्व्हिसवर खास सवलत.