चार भोकांचं गॅस्केट

माझ्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला तीन सिलिंडर आहेत. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामध्ये बसणाऱ्या गॅस्केटला दर सिलिंडरमागे एक भोक असतं. ‘हे बघा तुमचं जळालेलं हेड गॅस्केट’ म्हणून मिस्त्रीने जे माझ्या हातात ठेवलं, त्याला सिलिंडरची चार भोकं होती. ती मोजायला मला अडीच महिने लागले. तोवर बिल चुकतं झालं होतं, आणि मिस्त्रीचे आभारही मानून झाले होते.

ट्रॅक्टर 1960च्या दशकातला, डिझेलवरचा, वडिलांच्या हातचा. तक्रार एकच होती. नांगर लावून अर्धा-पाऊण तास झाला की तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जायचा आणि रेडिएटरच्या बारक्या नळीतून वाफ सुटायची. उभ्या ट्रॅक्टरला काही होत नसे. रिकामी ट्रॉली ओढतानाही नाही. मिस्त्रीला हे मी दोनदा सांगितलं. त्याने ऐकल्यासारखं केलं, ट्रॅक्टर जागेवरच चालू केला, रेडिएटरची टोपी काढली, तो अर्धा रिकामा आहे म्हणत वरून भराभर पाणी ओतलं आणि मला जवळ बोलावलं. ‘भाऊ, बुडबुडे दिसतात का? सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. गॅस्केट गेलंय, आणि हेडलाही बाक आला असणार.’

बुडबुडे खरोखरच होते. गॅस्केट फुटलं तर इंजिन भाराखालीच आधी तापतं हेही खरं, त्यामुळे त्याचं बोलणं पटण्यासारखं होतं. मला तेव्हा ठाऊक नव्हतं ते एवढंच, की अर्धं रिकामं रेडिएटर घाईने भरलं की आत अडकलेली हवा बाहेर पडताना कुठल्याही धडधाकट इंजिनात काही मिनिटं असेच बुडबुडे येतात. पारख करायची तर इंजिन पूर्ण थंड हवं, पाणी काठोकाठ भरून हवा जाऊ दिलेली हवी. पंखा-पंपाचा पट्टा उतरवायचा, म्हणजे पंप पाणी घुसळत नाही, आणि मग जेमतेम मिनिटभर इंजिन चालवायचं. तेव्हाही बुडबुड्यांची माळ लागली तर संशय घ्यावा. याहून पक्की परीक्षा म्हणजे रेडिएटरच्या तोंडाशी धरायचं निळं रसायन. ज्वलनाचा वायू त्यातून गेला की ते हिरवट-पिवळं पडतं. हेड उतरवण्याआधी ही परीक्षा करा म्हटल्यावर जो मिस्त्री चिडतो, त्याच्याकडे माझा ट्रॅक्टर पुन्हा जाणार नाही.

बिल कशाचं, तर त्याने तोंडी तीन मोठ्या गोष्टी सांगितल्या. हेड उतरवून फेस मारणं, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करणं, आणि नवं गॅस्केट, रेडिएटरचा नवा गाभा, आणि ‘किरकोळ कामं’. आकडा सांगत नाही, लाज वाटते.

ट्रॅक्टर घरी आला तेव्हा काटा हिरव्या पट्ट्याच्याही खाली. मी खूश. सकाळी पांढरा धूर जरा जास्त वेळ निघतोय, काटा तासभर वर सरकतच नाही, हे दिसत होतं. पण तापण्याच्या धास्तीत एवढे दिवस काढल्यावर थंड इंजिनाबद्दल तक्रार कोण करणार? नंतर कळलं, ‘किरकोळ कामं’ म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणं. ही फार जुनी चलाखी आहे. थर्मोस्टॅट साधारण 82 अंशांपर्यंत पाण्याची वाट बंद ठेवतो, म्हणून इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. तो काढला की पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरतं आणि हलक्या कामात काटा खालीच राहतो. गिऱ्हाइकाला वाटतं, दुखणं बरं झालं. इंजिन मात्र गारठून चालतं, डिझेल अर्धवट जळतं, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. आणि खरा बिघाड जिथे होता तिथेच असतो.

तो नांगरणीत बाहेर आला. पहिल्याच दिवशी, पन्नास मिनिटांनी, पूर्वीपेक्षा जोरात. रेडिएटरची टोपी 7 पौंडांची आहे, म्हणजे चौरस इंचाला तेवढा दाब आत धरून ठेवणारी. दर पौंडाला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो, म्हणजे आतलं पाणी 110च्या आसपास पोचूनच उसळलं असणार. अशा वेळी टोपीला हात लावायचा नाही, गार पाणीही ओतायचं नाही. पहिल्याने माणूस भाजतो, दुसऱ्याने हेड तडकतं. मी सावलीत बसून राहिलो, आणि करायला काही नव्हतं म्हणून इंजिनाकडे बघत बसलो.

तेव्हा नट दिसले. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः ब्रशने इंजिनाला रंग दिला होता, आणि अडाण्यासारखा सगळ्यावरून एकसारखा फासला होता. हेडच्या प्रत्येक नटावर तो रंग स्टडच्या, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या दांड्याच्या, टोकापर्यंत अखंड होता. एकाही नटाचा कोपरा चकाकत नव्हता. पाना लागलेला नट लपत नाही हो! हेड उतरलंच नव्हतं. घरी येऊन खिळ्याला टांगलेलं ‘जळालेलं’ गॅस्केट काढलं आणि भोकं मोजली.

मग रेडिएटर. काळा कुळकुळीत, नवाकोरा. नखाने रंग खरवडला तर वरच्या टाकीच्या कोपऱ्यात जुनं डाखकाम निघालं, वडिलांच्या वेळचं, मला पाठ असलेलं. गाभाही जुनाच होता. वर रंगाचा जाड थर फवारून जाळीच्या पात्यांमधल्या अर्ध्या फटी बुजवून ठेवल्या होत्या.

यातली गंमत म्हणा की संताप म्हणा, बिघाड नेमका त्या रेडिएटरमध्येच होता. पैसे ज्याचे घेतले तेच काम खरोखर केलं असतं तर ट्रॅक्टर बराचसा बरा झाला असता! ओळखीतल्या एका निवृत्त मिस्त्रींनी तो अर्ध्या तासात शोधला, आणि इंजिनाचा एकही नट न काढता. आधी त्यांनी काट्यावरच अविश्वास दाखवला. मीटरचा फुगा, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात बुडालेलं त्याचं टोक, काढून उकळत्या पाण्यात धरला. काटा शंभराला थांबला, म्हणजे मीटर खरं बोलत होतं. पट्टा अंगठ्याने दाबला, अर्धा इंच दबला, ठीक. मग इंजिन तापवून रेडिएटरच्या गाभ्यावर तापमान मोजायची बंदूक आडवी फिरवली. वरची टाकी कढत, पण गाभ्याचा डावीकडचा जवळजवळ अर्धा भाग गार. त्या नळ्यांतून पाणीच जात नव्हतं. जड पाण्याचा क्षार वर्षानुवर्षं बसला होता.

‘आता खालच्या पाइपकडे बघा,’ म्हणाले आणि रेस वाढवली. बारीक रेसला गोल असलेला तो रबरी पाइप माझ्या डोळ्यांदेखत चपटा झाला. हा पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. रेडिएटर चोंदलेला, पंप पाणी खेचतोय, पाणी येत नाही, मग मऊ पडलेला पाइपच आत ओढला जातो. असा पाइप चपटा होऊ नये म्हणून त्याच्या आत तारेची स्प्रिंग घालतात. आमची कधीच गंजून गेली होती. रेस कमी केली की पाइप पुन्हा गोल, कुणाला पत्ता नाही. उभ्या ट्रॅक्टरवर बारीक रेसला तपासून हे कसं सापडणार?

टाक्या उतरवून रेडिएटरच्या नळ्या सळईने साफ केल्या, स्प्रिंगसकट नवा पाइप घातला. ब्लॉकच्या बाजूची पाणी सोडायची तोटी उघडली तर थेंब नाही. आत तार खुपसल्यावर भसाभस तांबडा गाळ आला, शेवटच्या सिलिंडरभोवती साठलेला. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलं. एवढंच.

पहिल्या मिस्त्रीकडे मी गॅस्केट घेऊन गेलो. चार बोटं दाखवली. ‘चुकून दुसऱ्या गाडीचं दिलं असेल, भाऊ,’ म्हणाला. नटांवरच्या रंगाबद्दल विचारलं तर त्याला फोन आला. रेडिएटरबद्दल म्हणाला, गाभा आतून बदललाय, बाहेरून कळत नाही. बिल मागितलं होतं तेव्हा त्याने कागदावर नुसता एकूण आकडा लिहिला होता, आणि मी तो घेतला होता. त्यामुळे भांडायला हातात काहीच नव्हतं. पैसे परत मिळाले नाहीत.

थर्मोस्टॅट तेवढा त्याने खणातून शोधून दिला. घरी पातेल्यात पाणी तापवून त्यात दोऱ्याने सोडला, शेजारी थर्मामीटर धरला. 82ला उघडायला लागला, नव्वदीच्या पुढे पूर्ण उघडला. तोच परत बसवलाय.