जावाची ‘क्लिप’: शाळेच्या घंटेसाठी आठ महिने वापरल्यावर

शाळेच्या कार्यालयातल्या संगणकावर तासाची घंटा वाजवणारं छोटं स्विंग अ‍ॅप (स्विंग म्हणजे जावा या प्रोग्रामिंग भाषेतली खिडक्या-बटणं बनवायची सोय) मी लिहिलं. वेगळी लायब्ररी नको म्हणून आवाजासाठी जावातलीच ‘क्लिप’, म्हणजे ध्वनिफाइल वाजवायची सोय, घेतली. आठ महिने ती रोज वाजतेय. छोट्या आवाजांना ती उत्तम आहे, हे आधीच सांगतो.

सुरुवातीला मात्र बटण दाबलं की ना एरर, ना आवाज. क्लिपचं ‘स्टार्ट’ आवाज संपेपर्यंत थांबत नाही, लगेच पुढच्या ओळीवर जातं. मी क्लिप ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये (संपताच आत उघडलेलं आपोआप बंद करणारा कोडचा ब्लॉक) उघडली होती. ब्लॉक तिथेच संपायचा आणि क्लिप वाजण्याआधीच बंद व्हायची. आता अ‍ॅप सुरू होताना क्लिप एकदाच उघडतो आणि अ‍ॅपबरोबरच बंद करतो. तसं केल्यावर पहिली घंटा वाजली, दुसरी मुकी! वाजून झालेली क्लिप शेवटच्या फ्रेमवर, म्हणजे आवाजाच्या शेवटच्या तुकड्यावर, उभी असते. दरवेळी ‘सेट फ्रेम पोझिशन’ शून्यावर आणावी लागते. आणखी एक: ‘लूप’ला 2 दिलं की टोल तीन पडतात, कारण तो आकडा जादा फेऱ्यांचा आहे.

जार (अ‍ॅपच्या सगळ्या फाइल एकत्र बांधलेली एकच फाइल) बनवल्यावर पुन्हा शांतता. फाइल आता जारच्या आत होती, मी जुनाच पाथ देत होतो. ‘गेट रिसोर्स अ‍ॅज स्ट्रीम’ने फाइल सापडली, पण मार्क-रिसेटची (वाचताना मागे परत जाता येत नसल्याची) एरर आली, स्ट्रीमला बफर्ड इनपुट स्ट्रीममध्ये गुंडाळल्यावर मिटली. फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉलही नीट बघा, जारमध्ये विंडोजवरसुद्धा फरक पडतो.

संगीताच्या बाईंनी प्रार्थना एमपी3 मध्ये दिली. जावा स्वतःहून एमपी3 वाचत नाही, आणि एक्स्टेन्शन बदलून ‘वेव्ह’ केलं तरी आतला मजकूर तोच राहतो. ऑडॅसिटीत 16 बिट वेव्ह करून घेतली.

क्लिप पूर्ण फाइल मेमरीत घेते. 44,100 हर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ असेल तर 52 सेकंदांच्या राष्ट्रगीताला सुमारे 9 एमबी, ते चालतं. दहा मिनिटांच्या भाषणाला शंभरच्या वर जातात. त्यासाठी मी आवाज तुकड्यातुकड्यांनी वाजवणारी ‘सोर्स डेटा लाइन’ वेगळ्या थ्रेडवर (बाकी अ‍ॅपला न अडवता समांतर) चालवतो.

मागच्या महिन्यात एका सकाळी घंटा वाजलीच नाही. तासभर कोड चाळला, कोडमध्ये काहीच नव्हतं. नवा मॉनिटर जोडल्यावर आवाज एचडीएमआयकडे वळला होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. आता ‘गेट क्लिप’ला मिक्सर, म्हणजे आवाज कुठल्या उपकरणातून यायचा ते, नावानिशी देतो, आणि तो सापडला नाही तर अ‍ॅप सुरू होतानाच पडद्यावर लाल अक्षरांत तसं दाखवतो.